वरच्या मजल्यावरून मुंबई

१८७४ सालच्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबईच्या रस्त्यांतून घोड्यांची ट्राम प्रथम धांवली. तिचे मार्ग दोन होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जाई. दुसरा बोरीबंदरापासून काळबादेवीच्या वाटेनें त्याच पायधुणीस येऊन मिळे. आरंभीं २० गाड्या व २०० घोडे एवढाच सरंजाम होता, आणि कुलाब्यापासून पायधुणीपर्यंतच्या प्रवासास ३ आणे पडत. शहर पाहावयास निघालेल्या पाहुण्यासाठीं ही सोय केलेली नव्हती. बाजारांत, पेढीवर, कचेरींत आणि धक्क्यावर जाणाऱ्या माणसांची ने-आण करून भागीदारांस नफा मिळवून द्यावा, हाच चालकांचा हेतु होता. तरीहि मुंबई पाहण्याची रीत या गाडीनें जितकी घडविली, तितकी दुसऱ्या कोणत्याहि साधनानें घडविली नाहीं.

हें विधान धाडसाचें वाटेल. पण कांहीं तारखा शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांतील तथ्य ध्यानांत येतें. पाहुण्यांना फिरविणारी गाडी ज्या इमारतींसमोर आपला वेग कमी करते, त्यांतल्या बहुतेक त्या मे महिन्यांत उभ्याच नव्हत्या. कुलाब्याचें अफगाण चर्च १८५८ पासून होतें, फ्लोरा फाउंटनचें कारंजें १८६४ पासून होतें आणि क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्यें बांधून झालें होतें. बाकी सारें पुढचें. राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला. त्याच सालीं बोरीबंदरच्या नव्या स्टेशनाच्या कामास हात लागला, आणि तें संपावयास १८८८ साल उजाडलें. समोरची म्युनिसिपालिटीची इमारत १८९३ ची. प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम लोकांस खुलें झालें तें १९२२ मध्यें, आणि गेटवे ऑफ इंडियाचें उद्घाटन झालें ४ डिसेंबर १९२४ रोजीं. म्हणजे ट्रामचा पहिला उतारू रम्य स्थळें पाहत जात नव्हता. कोटाचा तट १८६२ नंतर पाडला गेल्यामुळें मोकळी झालेली जागा, चुन्याचे ढीग, बांबूंच्या परांच्या आणि दगड घडविणारे पाथरवट त्याच्या दृष्टीस पडत. मार्ग आधीं पडला; प्रेक्षणीय स्थळें त्याच्या कडेला मागाहून येऊन उभीं राहिलीं.

त्यापूर्वीं मुंबई पाहावयाची ती पायीं, किंवा ऐपत असेल त्यानें घोडागाडींतून वा पालखींतून. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. त्या ग्रंथांतली मुंबई पेठांची, देवळांची, बाजारांची आणि नाना जातींच्या माणसांची आहे. गल्लींतून सावकाश चालणाऱ्या माणसाच्या नजरेची आहे. त्यानंतर दोनच वर्षांनीं एका अमेरिकन कंपनीनें घोड्यांच्या ट्रामचा परवाना मागितला व तो तिला मिळालाहि. परंतु अमेरिकेंतील यादवी युद्ध संपतांच कापसाचा भाव कोसळला, शेअरांचा फुगा फुटला, आणि त्या मंदींत ती योजना कागदावरच राहिली. तो बेत सिद्धीस नेण्यासाठीं १८७३ सालीं बॉम्बे ट्रामवे कंपनी निघावी लागली.

३ आण्यांचें भाडें लवकरच २ आण्यांवर उतरलें, आणि १८९९ सालीं, अंतर कितीहि असो, १ आणा असा सरसकट दर ठरला. शहराच्या इतिहासांत या आण्याला फारशी जागा मिळालेली नाहीं. ती मिळावयास हवी होती. गिरणींतल्या कामगारास, शाळेंतल्या पोरास आणि बोटीनें कोंकणांतून आलेल्या पाहुण्यास त्या एका आण्यांत मुंबई हें एक सलग शहर म्हणून पाहावयास सांपडलें. गाडी उघडी, चाल मंद. वाटेंत कांहीं नवलाचें दिसलें कीं उतरावें, डोळे भरून पाहावें आणि मागून येणारी गाडी धरावी; फार तर आणखी एक आणा मोडे. जागोजागीं चढतां-उतरतां येईल अशी सहलीची गाडी ही अगदीं नवी युक्ति म्हणून जिची आज जाहिरात होते, ती रीत मुंबईकरांनीं ट्रामच्या पायरीवर कोणी न शिकवितां आत्मसात केली होती. राणीच्या बागेची सहल याच रीतीनें पिढ्यान् पिढ्या घडत आली.

७ मे १९०७ रोजीं सायंकाळीं म्युनिसिपालिटीच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत विजेची पहिली ट्राम गेली. हें अंतर सहज चालून जाण्याजोगें; पण त्या चार पावलांनीं घोड्यांचें युग संपविलें. विजेच्या गाडीला गर्दी लोटूं लागली आणि ती कोठें बसवावयाची हा प्रश्न उभा राहिला. रस्ता रुंद करतां येत नव्हता, म्हणून गाडी उंच केली गेली. १९२० च्या सप्टेंबरांत दुमजली ट्राम मुंबईंत आली.

उतारूंना टपावर बसविण्याची ही कल्पना युरोपांतली. आणि तिचा उगम सौंदर्यदृष्टींत नसून काटकसरींत आहे. जॉर्ज शिलिबियर यानें लंडनच्या रस्त्यावर १८२९ सालीं ऑम्निबस आणिली. त्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळीं ‘सर्वांसाठीं’ असा आहे. शतकाच्या मध्यास गर्दी वाढली तशी माणसें गाडीच्या टपावर चढून बसूं लागलीं. पॅरिसमध्यें आंत बसणारास ३० सांतीम तर टपावर बसणारास १५ सांतीम असा दर होता. ऊन, पाऊस आणि धूळ सोसणारास निम्में भाडें! टपावर जाण्याची शिडी इतकी उभी असे कीं स्त्रियांना तेथें जाणें दुर्घटच होतें. नीट जिना आणि पुढें तोंड केलेले बांक लंडनच्या गाड्यांस १८८० नंतर मिळूं लागले. आज पाहुण्याकडून अधिक दाम घेऊन जी जागा दिली जाते, ती मुळांत गरिबाची जागा आहे.

मुंबईची पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धांवली, म्हणजे बावन्न वर्षांपूर्वीं घोड्यांनीं ज्या दिशेनें ट्राम ओढली होती त्याच दिशेनें. १९३७ मध्यें दुमजली बस आली. तिच्या वरच्या मजल्यावरचा अगदीं पुढचा बांक म्हणजे मुंबईच्या मुलांची गादीच; तिच्यासाठीं भावंडांत भांडणें होत. आणि तेथून जें दिसे तें पायीं चालणारास खरोखरच दिसत नसे. हॉर्नबी रोडचें, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गाचेंच उदाहरण घ्यावें. तेथील पादचारी कमानींच्या सावलींतून जातो. त्याच्या डोक्यावर छत असतें, आणि ज्या इमारतीखालून तो चालत असतो तिचें मुख त्याला दिसतच नाहीं. वरच्या मजल्यावरच्या उतारूपुढें मात्र त्याच इमारतींचे सज्जे, जाळ्या आणि माथे एकामागून एक येत राहतात. बोरीबंदर आलें कीं दगडांत कोरलेले पशुपक्षी आणि वेलबुट्टी बरीच जवळ येते. त्या कोरीव कामांत सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. स्टेशनाच्या फाटकाच्या एका खांबावर इंग्लंडचा सिंह आणि दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ बसविलेला आहे. राज्य ज्यांचें होतें त्यांनीं या दोघांस एकाच उंचीवर बसविलें, हें पाहून कित्येकांस हंसूं आलें असेल. पुढें क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर लॉकवुड किपलिंग याच्या योजनेंतलें शेतकऱ्यांचें शिल्प आहे. खालीं भाजीच्या पाट्यांतून वाट काढणाऱ्या गिऱ्हाइकाची मान तिकडे क्वचितच वळते.

७ ऑगस्ट १९४७ रोजीं, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधीं, ट्राम, बस आणि वीज हा सारा कारभार कंपनीकडून म्युनिसिपालिटीच्या हातीं आला. ट्राम त्यानंतर फार टिकली नाहीं. मोटारींच्या गर्दींत तिचे रूळ अडथळा ठरूं लागले, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. दादरच्या चौकास लोक दादर टी. टी. म्हणतात, तीं अक्षरें ट्राम टर्मिनसचीं आहेत, हें म्हणणारांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें.

दुमजली बस मात्र उरली. १९९० च्या सुमारास बेस्टपाशीं अशा सुमारें ९०० गाड्या होत्या. त्याच दशकांत त्या रोजच्या मार्गांवरून कमी होऊं लागल्या, आणि त्याच दशकांत, १९९७ सालीं, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें छत काढलेल्या दुमजली गाडींतून दक्षिण मुंबईचें दर्शन घडविण्यास आरंभ केला. तिचें नांव नीलांबरी. नांव गोड, आणि दिव्यांनीं उजळलेल्या इमारतींचा तो रात्रीचा फेराहि खरोखर देखणा. पुढें करोनाच्या साथीच्या सुमारास बेस्टनें एकाच तिकिटावर चढतां-उतरतां येईल अशी पर्यटक-गाडीहि काढली. तथापि या दोन घटना एकाच काळांत घडाव्या हा निव्वळ योगायोग नव्हे. जी नजर प्रत्येक उतारूस तिकिटाबरोबर फुकट मिळत होती, ती रोजच्या रस्त्यावरून उठली, आणि तिचें निराळें तिकीट निघालें.

चालकांस दोष देणेंहि न्यायाचें होणार नाहीं. दोन मजल्यांस दोन कंडक्टर लागत, इंधन अधिक खर्ची पडे, गाड्या जुन्या झाल्या होत्या. २०१८ सालीं युनेस्कोनें ओव्हलच्या दोहों बाजूंच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींस जागतिक वारशाचा मान दिला. पण ज्या उंचीवरून त्या पाहाव्या, ती उंची जपणें हें कोणाच्याच अंदाजपत्रकांत बसत नव्हतें. १५ सप्टेंबर २०२३ रोजीं जुनी दुमजली बस अंधेरीच्या रस्त्यावरून शेवटची गेली. हार घालून तिला निरोप देण्यास लोक जमले होते. ५ ऑक्टोबर २०२३ रोजीं उघड्या छताच्या गाडीचाहि फेरा संपला. त्याच सालच्या फेब्रुवारींत विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली गाडी प्रवाशांच्या सेवेंत आली होती. वरचा मजला तिलाहि आहे, मात्र तेथून मुंबई बंद कांचेंतून दिसते. वारा नाहीं, आणि खालच्या फेरीवाल्याची आरोळीहि वर पोंचत नाहीं.

२०१७ च्या अखेरीस फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराचें काम चाललें असतां कामगारांनीं तेथील फरसबंदी उकरली. खालीं काळ्या दगडांत बसविलेले ट्रामचे रूळ निघाले.