सोनं न घेता सोन्यावर पैज

मंडळी, गेल्या रविवारी लंडनहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मावशी, स्प्रेड बेटिंगचं खातं उघडतोय. चार कंपन्या पाहून ठेवल्यात, कुठली घ्यावी कळत नाही." मी विचारलं, हे प्रकरण मुळात आलं कुठून? त्याला सांगता येईना. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला तेवढं निमित्त पुरतं. दोन दिवस वाचत बसले.

'स्प्रेड'च्या कल्पनेचं श्रेय दिलं जातं ते चार्ल्स मॅकनील या अमेरिकन गृहस्थांना. १९४० च्या दशकात खेळांच्या सामन्यांवर पैजा घेताना त्यांनी ती रूढ केली. आधी ते गणिताचे शिक्षक होते. (आमच्याच व्यवसायातले निघाले!)

ती बाजारात आणली इंग्लंडच्या स्टुअर्ट व्हीलर यांनी. पत्त्यांचा नाद असलेला हा माणूस आधी वकील, मग बँकेत. त्या काळी परकीय चलनावरच्या निर्बंधांमुळे सामान्य ब्रिटिश माणसाला गुंतवणुकीसाठी सोनं घेणं फार अवघड होतं. आपल्याला हे चटकन कळेल. १९६३ मध्ये मोरारजीभाईंनी १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली, तेव्हाचा आईचा संताप मला अजून आठवतो. तर व्हीलरसाहेबांनी १९७४ मध्ये आयजी इंडेक्स काढली. सोनं घेऊच नका, नुसती भावावर पैज लावा! १९७९ मध्ये ते निर्बंध उठले, पैज मात्र राहिली. शेअर निर्देशांक, चलनं, तेल, सगळ्यावर लागू लागली. शिवाय तिथे या कमाईवर सहसा कर नाही, हे मोठंच आमिष.

आता हिशोब. कंपनी निर्देशांकाचा भाव सांगते ७९९९–८००१. मधले दोन अंक तिचे. तुम्ही ८००१ ला, अंकामागे १० पौंड लावून 'घेतलं'. भाव ७७९९–७८०१ झाला की सुटताना ७७९९ मिळतात. गेले २०२ अंक, म्हणजे २०२० पौंड. निर्देशांक जेमतेम अडीच टक्के पडला, पण तुम्ही अनामत भरली होती सुमारे ४००० पौंड. तिच्यातली निम्मी साफ!

आणि अनामत गेली की संपलं, असंही तेव्हा नव्हतं. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा अचानक काढून घेतली. काही मिनिटांत फ्रँक उसळला. 'इतका तोटा झाला की सौदा मोडा' असं सांगून ठेवलेल्यांचे सौदेही ठरल्या भावाला मोडले नाहीत, कारण मधल्या भावाला घेणारंच कुणी नव्हतं. अनेकांच्या खात्यात उणे रकमा आल्या. याच धंद्यातली अल्पारी यूके कंपनी बुडाली.

त्यानंतर नियम आले. २०१८ पासून सामान्य ग्राहकाचा तोटा खात्यातल्या रकमेपलीकडे जाऊ देता येत नाही. युरोपच्या नियामकाला तेव्हा ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात आढळली होती, म्हणून प्रत्येक कंपनीला स्वतःचा असा आकडा छापावा लागतो. भाच्याला म्हटलं, ॲपचा रंग नंतर बघ. आधी ब्रिटनच्या एफसीएच्या नोंदवहीत कंपनीचं नाव शोध, ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवते का बघ, आणि परदेशातल्या शाखेत खातं उघडायला सांगत असेल तर फोन ठेव. तिथे हे संरक्षण लागू नसतं. (इथल्या नातेवाइकांनी मनातही आणू नये. भारतातून परदेशात असल्या अनामतीसाठी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही.)

असो. मग चारांपैकी एका कंपनीच्या पानावरचा तो टक्क्यांचा आकडा त्याला मोठ्याने वाचायला लावला. वाचला. जरा वेळ शांतता.

"पण मावशी, उरलेले जिंकतातच ना?"

पुढच्या रविवारी पुन्हा बोलायचं ठरलंय.