वऱ्हाडचं बेसन-भाकर

मंडळी, वावरातून परतलेल्या माणसापुढं ज्वारीची भाकर, बेसन आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आला की त्याला दुसरं काही सुचत नाही. पुण्याकडं ज्याला पिठलं म्हणतात, ते आपलं बेसन. जिनसा मोजा : ज्वारी, हरभऱ्याची डाळ, मिरची, लसूण, तेल, मीठ. झाल्या सहा. पण या सहांची हकीकत सांगायची तर गुरुजींना भिंतीवर जगाचा नकाशा टांगावा लागेल.

ज्वारीचं मूळ घर आफ्रिका. ती फार जुन्या काळी इकडं आली आणि अशी रुजली की तिला परकी कोण म्हणेल? ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून आपल्या मायबहिणी आधणाचं पाणी घालून, पीठ तळहातानं रगडून मळतात, तेव्हा कुठं भाकर थापताना चिरत नाही. ही विद्या कोणत्या पुस्तकातून आलेली नाही. मिरची मात्र अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभू होते, त्या काळी गावात एकाही घरी मिरचीचा ठेचा नव्हता! तिखटाला मिरं होतं, आलं होतं.

आता कपाशीकडं वळू, कारण ताटाशी तिचा संबंध आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इकडचे भाव चढले. अकोला-बडनेऱ्यावरून आगगाडी १८६७ साली नागपूरला पोचली. पैसा आला खरा, पण कपाशी काही खाता येत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात पाऊस गेला, ज्वारी गेली आणि माणसं सरकारी कामावर खडी फोडायला गेली. ज्याच्या पेवात मागल्या सालची ज्वारी होती, त्याच्या घरी चूल पेटली.

गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. दुष्काळात ते ऐन तरुण होते. पुढं हाती खराटा घेऊन त्यांनी गावं झाडली आणि मिळालेली भाकर फुटक्या गाडग्यात खाल्ली. कर्ज काढून पंगती उठवू नका, हे ते कीर्तनात रागावून सांगत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळच त्यांनी देह ठेवला.

१९९५ साली सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. त्याच सुमारास इकडच्या वावरांत सोयाबीन पसरत होतं. ज्वारी मागं हटली, आणि तिच्याबरोबर बैलांचा कडबाही गेला. आज पुष्कळ घरी भाकरीची ज्वारी बाजारातून येते.

शिक्षकबंधूंनो, मुलांना एवढंच विचारा : तुमच्या घरी यंदा ज्वारी पेरली का? आणि गावातलं पेव कुठं होतं, ते आजीला विचारून या. ती जागा बोट करून दाखवणारी माणसं आता थोडी उरली आहेत.