खोताची वाडी : जुन्या घरांच्या गल्लीतून



महोत्सवाच्या प्रसंगी मंदिराचा इतिहास लिहावयाचा, असा प्रघात आहे व तो योग्यच होय. परंतु मंदिराचा पाया दगडांत असला, तरी धर्मग्रामाचा पाया घरांत असतो. म्हणून ह्या स्मरणिकेत आम्ही मुंबईतील गिरगावच्या एका गल्लीची हकिकत सांगण्याचे योजिले आहे. तिचे नाव खोताची वाडी.

खोत म्हणजे साऱ्याची वसुली करणारा वतनदार. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत ह्या पाठारे प्रभू गृहस्थाने येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांस विकले व वाडी वसली. म्हणजे जमीन हिंदू गृहस्थाची, घरे ख्रिस्ती जनांची, आणि नाव मात्र अद्यापि खोताचेच! ह्या शेजारधर्माचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. गिरगावचे संत तेरेजाचे मंदिर १७७३ साली स्थापन झाले होते. तेव्हा उपासनेची सोयही जवळच होती.

ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी व वसई येथील मूळचे मराठीभाषी कॅथलिक. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली व पुढे त्यांच्या अमदानीत ह्या लोकांच्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. गोवा-मंगळूरकडून आलेल्या धर्मबंधूंहून आपण निराळे, हे दाखविण्यासाठी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवाच्या वर्षी, त्यांनी हे नाव धारण केले. नाव इंग्रजी, परंतु घरातील बोली मराठी. लग्नातील उंबराचे पाणी, उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला मसाला, स्त्रियांचे लुगडे, हे सारे ह्या भूमीचेच.

आता वाडीत शिरू. गल्ली अरुंद, वळणावळणाची. दोहों बाजूंस बैठी किंवा एकमजली घरे. पुढे ओटा, त्यास लाकडी कठडा, वर उतरते कौलारू छप्पर. पुष्कळ घरांचा जिना बाहेरच्या अंगास आहे. ओटा रस्त्याला लागून असल्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस सहजच होते. शेजाऱ्याचे दुखणे दडून राहत नाही. छपरावरील मंगळुरी कौलांचाही इतिहास आहे. बाझल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ही चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली.

वाडीतील लहानसे प्रार्थनास्थळ १८९९ सालचे आहे. त्यामागे मोठे संकट आहे. १८९६ साली मांडवी भागात डॉ. अकासियो विएगस ह्या गोमंतकीय ख्रिस्ती वैद्याने प्लेगचा रोग ओळखला. पुढे हजारो माणसे मृत्युमुखी पडली व लाखो शहर सोडून गेली. त्या साथीतून वाचल्याबद्दल कृतज्ञतेने रहिवाश्यांनी हे स्थळ उभारिले. १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले; ही वाडी मात्र राहिली.

जी वाडी रोगराईतून वाचली, तीच पुढे जमिनीच्या भावापुढे खचू लागली. एके काळी येथे सुमारे ६५ जुनी घरे होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. कारणे उघड आहेत. एका घराचे वारस दहा होतात. त्यांतील काही परदेशी जातात. लाकूड-कौलांची डागडुजी महाग पडते. आणि उंच इमारत बांधणारा थैली घेऊन दाराशी उभा असतो. विकणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. परंतु गळके छप्पर ज्याच्या डोक्यावर आहे, त्याची अडचण त्यालाच ठाऊक. १९९५ साली मुंबईत वारसावास्तूंसाठी नियमावली झाली, हे चांगलेच झाले. तथापि नियम भिंत पाडू देणार नाही एवढेच. ओट्यावर बसणारे माणूस नियमाने आणता येत नाही.

आमच्या पेठ वडगावासही ह्यातून बोध घेता येईल. सेनापती धनाजी जाधवांची समाधी ज्या गावात आहे, त्यास इतिहासाची थोरवी सांगावयास नको. परंतु सेनापतीची समाधी सर्वांस ठाऊक असते; आपल्या आजोबांनी घर केव्हा बांधिले, विटा कोठून आणिल्या, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, हे नातवांस ठाऊक नसते. मंदिराच्या नोंदवहीत नावे व तारखा सापडतील. चुलीची ऊब सापडणार नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच, की ह्या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आपल्या घराची हकिकत एका पानावर लिहून काढावी व त्याची प्रत धर्मग्रामाच्या दप्तरी द्यावी. घरे पडतील, नवी उठतील. ते थोपविणे आपल्या हाती नाही. ज्यांनी ती कष्टाने उभारिली त्यांचे स्मरण राखणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ते आपले कर्तव्यही आहे.