मोहरम : तहाचा महिना

मोहरम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताबूत उभे राहतात. सांगलीकडच्या मंडळींना कडेगावचे उंचच उंच ताबूत आठवतील. परंतु या महिन्याचे पावित्र्य ताबुतांहून, इतकेच काय, इस्लामाहूनही जुने आहे. ‘मुहर्रम’ म्हणजे निषिद्ध ठरविलेला. निषिद्ध काय? तर शस्त्र उचलणे.

अरबस्तानात टोळ्यांची वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालत. तरीही वर्षातले चार महिने तलवार म्यानात राही : जिल्काद, जिल्हेज, मोहरम हे लागोपाठचे तीन आणि रज्जब हा एकटा. पहिल्या दोहोंत उकाझसारखे बाजार भरत व मक्केची यात्रा होई. मोहरमात यात्रेकरू सुखरूप घरी परतत. म्हणजे धर्म आणि व्यापार या दोघांनी मिळून हा तह सांभाळला होता. आम्हांला यात कमीपणा वाटत नाही. आपल्याही यात्रा आणि बाजार कधी वेगळे होते?

पण लुटीवर जगणाऱ्या टोळीला तीन महिने स्वस्थ बसणे जड जाई. त्यावर तोड निघाली ती ‘नसी’ची. यात्रेच्या शेवटी किनाना टोळीचा एक मानकरी उभा राही आणि जाहीर करी, की यंदा मोहरमाचे पावित्र्य सफर महिन्याला दिले आहे. मोहरम मोकळा झाला! काही पंडित मात्र म्हणतात की नसी म्हणजे आपल्या अधिक मासासारखा जादा महिना होय. इ. स. १००० च्या सुमारास लिहिणाऱ्या अल्‌बेरूनीचे मत असेच आहे. आमच्या मते दोन्ही गोष्टी घडत असाव्यात. पंचांग ज्याच्या हाती, त्याच्या हाती लढाईची परवानगी, हे मात्र दोन्ही अर्थांनी खरे. कुराणाने नसीचा स्पष्ट निषेध केला आणि इ. स. ६३२ मध्ये, आपल्या अखेरच्या यात्रेत, पैगंबरांनी वर्षाचे महिने बाराच व त्यांत पवित्र चार, असे बजावले.

पुढे खलिफा उमर यांनी इ. स. ६३८ च्या सुमारास हिजरी सन ठरविला. हिजरत घडली रबिलावलात. पण वर्षारंभ धरला तो यात्रेहून परतण्याच्या मोहरमापासून.

आणि याच महिन्यात, हिजरी ६१ च्या दहाव्या तारखेस, म्हणजे १० ऑक्टोबर ६८० रोजी, करबला घडली. यजीदच्या सुभेदाराने पाठविलेल्या फौजेने पैगंबरांचे नातू हुसेन यांना थोड्याशा सोबत्यांसह घेरले, फुरात नदीचे पाणी तोडले आणि त्यांना ठार केले. श्रोतेहो, ज्या महिन्यात इस्लामापूर्वीचे अरबही वैऱ्याला वाट देत, त्या महिन्यात हे झाले, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या शोकाची खोली कळत नाही. तहाचा महिना तेव्हापासून मातमाचा झाला.

अधिक मास गेला त्याचा परिणाम आपल्या दप्तरांपर्यंत पोहोचला. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. दरवर्षी मोहरम ११ दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतू फिरून येतो. उपासनेला त्याने बिघडत नाही, पण शेतसारा पिकावर घ्यावयाचा! म्हणून दक्षिणेत इ. स. १३४४ च्या सुमारास शुहूर सन सुरू झाला. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की त्याचे वर्ष पालटे. कुणबी त्याला मृगसाल म्हणे. आरंभी त्याचा आणि हिजरीचा आकडा एकच, ७४५, होता. पानिपतच्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ रोजी, हिजरी ११७४ चालू होते, आणि मराठी कागदांत शुहूर सन होता ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. सव्वाचारशे वर्षांत तेरा वर्षांची तफावत!

महिने मात्र बदलले नाहीत. वर्ष पावसाबरोबर चालले, तारीख चंद्राबरोबर. पेशव्यांचा कारकून स्नानसंध्या उरकून दप्तरात बसे आणि कागदावर निःसंकोचपणे ‘छ १० मोहरम’ असे लिही. अशा कागदांची तारीख लावताना अभ्यासकाला आजही आधी नवा चंद्र कोणत्या संध्याकाळी दिसला असेल, ते पाहावे लागते.