नेतृत्वाचा गुणात्मक अभ्यास

संस्थेतील नेतृत्व आकड्यांत न मोजता मुलाखती, प्रत्यक्ष निरीक्षण आणि कागदपत्रे यांतून समजून घेण्याची संशोधनपद्धती. हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच वरिष्ठ अधिकाऱ्यांचे कामाचे दिवस जवळून टिपले. त्यावर आधारलेले त्यांचे पुस्तक १९७३ मध्ये निघाले.

नेता हयात नसेल, तर भिस्त कागदांवर. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील महादजी शिंदे (मृत्यू १७९४) हे याचे उत्तम उदाहरण. त्यांच्याविषयीची ऐतिहासिक कागदपत्रे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३७ मध्ये ग्वाल्हेरहून प्रसिद्ध झाली. मोडीतले असे पत्र वाचताना मायना, तिथी, लिहिणारा कोणाचा माणूस, हे आधी पाहावे लागते. वकील (दरबारातील प्रतिनिधी) धन्याला रुचेल तेवढेच कळवत असेल, हीही शक्यता धरावी लागते.

उदाहरणार्थ, १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत महादजींच्या बाजूच्या बादशाही पलटणी तोफांसह राजपूत शत्रूला मिळाल्या. त्यांचे पगार थकलेले होते. केवळ जय-पराजय मोजणाऱ्याला इथे एक हार दिसेल. माघार, पैशाची तजवीज आणि पुढे त्यांच्या सेवेतील युरोपीय अधिकारी द बॉइन याच्या कवायती पलटणींचा विस्तार हा क्रम लावला, की खचलेली फौज पुन्हा उभी करणारा माणूस दिसू लागतो.

दिल्ली दरबारात सर्वाधिकार हाती असूनही महादजी स्वतःला ‘पाटील’ म्हणवत. ती नम्रता होती की राजकारण, हे एकाच पत्रावरून ठरवू नये. पेशव्यांकडील, इंग्रजांकडील आणि राजपुतान्यातील कागद शेजारी ठेवून वाचावेत.