शब्दांत साठलेला कारखाना : प्रोग्रॅमेबल कंट्रोलर व औद्योगिक नियंत्रण-जालांच्या मूलभूत परिभाषेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :

औद्योगिक नियंत्रणाची परिभाषा महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत सामान्यतः व्याख्यांच्या स्वरूपात शिकविली जाते. रिले, कॉइल, लॅडर, रजिस्टर, बस, मास्टर, स्लेव्ह या संज्ञांचे अर्थ विद्यार्थी पाठ करतात. परंतु ज्या प्रोग्रॅममध्ये तारेचे एकही वेटोळे नाही, त्यात ‘कॉइल’ कोठून आली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने संज्ञा हाही एक दस्तऐवज असतो. यंत्र मोडीत निघते, पण त्याचा शब्द मागे राहतो. प्रस्तुत लेखात १९६८ ते २०२० या कालखंडातील काही मूलभूत संज्ञांचा मागोवा घेतला आहे. ही परिभाषा केवळ तांत्रिक गरजेतून घडलेली नसून, कारखान्यात यंत्राची दुरुस्ती कोणी करावयाची व आज्ञा कोणी द्यावयाची, या प्रश्नांची उत्तरेही तिच्यात साठलेली आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

रिले पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत :

रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच होय. वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, प्रवाह गेला की त्याचे संपर्क जुळतात किंवा सुटतात. विसाव्या शतकाच्या मध्यास मोटारनिर्मितीच्या कारखान्यांत असे शेकडो रिले तारांनी परस्परांस जोडून यंत्रांचा क्रम ठरविला जाई. मोटारीचे मॉडेल बदलले की क्रम बदले आणि क्रम बदलला की तारा पुन्हा जोडाव्या लागत किंवा संपूर्ण पॅनेलच टाकून द्यावे लागे. हा खर्च व खोळंबा टाळण्यासाठी जनरल मोटर्सच्या हायड्रा-मॅटिक विभागाने १९६८ मध्ये नव्या नियंत्रकासाठी अपेक्षा निश्चित केल्या. प्रोग्रॅम कारखान्यातच बदलता यावा, सुटे भाग बदलून दुरुस्ती जागेवरच व्हावी, कारखान्याच्या वातावरणात यंत्र टिकावे आणि त्याने रिले पॅनेलपेक्षा कमी जागा व्यापावी, या त्यांतील प्रमुख होत.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेत रिचर्ड मॉर्ली व त्यांचे सहकारी याच सुमारास अशा यंत्रावर काम करीत होते. ‘मॉड्युलर डिजिटल कंट्रोलर’ या शब्दांवरून त्यांनी ‘मोडिकॉन’ हे नाव सिद्ध केले. हा संस्थेचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प असल्याने पहिल्या यंत्रास ‘०८४’ हा क्रमांक मिळाला. १९६९ मध्ये ते जनरल मोटर्सला देण्यात आले.

या यंत्राला ‘संगणक’ न म्हणता ‘कंट्रोलर’ म्हटले गेले, ही बाब लक्षणीय आहे. तत्कालीन संगणकास स्वतंत्र खोली व प्रशिक्षित प्रोग्रॅमर लागत असे. नवे यंत्र मात्र कारखान्यातील इलेक्ट्रिशियनच्या हाती राहावयाचे होते. म्हणून त्याची भाषाही त्याच्याच नकाशांतून घेण्यात आली. रिले-जोडणीच्या नकाशात दोन उभ्या विद्युतवाहिन्या व त्यांमधील आडव्या ओळी असत. शिडीसारख्या दिसणाऱ्या या आकृतीवरून प्रोग्रॅमच्या भाषेस ‘लॅडर’ हे नाव रूढ झाले. तार गेली, संपर्क गेले, वेटोळे गेले. परंतु ‘कॉन्टॅक्ट’ व ‘कॉइल’ स्मृतिकोशातील एकेका बिटची नावे होऊन उरली. ज्याला जुने पॅनेल वाचता येत होते, त्याला नवे यंत्रही वाचता यावे, ही सोय या शब्दांनी केली.

संक्षेपाचा इतिहासही उद्बोधक आहे. प्रोग्रॅमेबल कंट्रोलरसाठी ‘पीसी’ हा संक्षेप प्रचलित होता. अ‍ॅलन-ब्रॅडली कंपनीने आपल्या यंत्रासाठी ‘पीएलसी’ हे नाव वापरले. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आल्यावर ‘पीसी’ हा शब्द त्याच्याकडे गेला आणि ‘पीएलसी’ सर्वसामान्य नाम झाले. त्यातील ‘लॉजिक’ आज अपुरे ठरते, कारण हे यंत्र तापमान, दाब व गती यांचेही नियमन करते. तथापि नाव रिलेच्या काळातीलच राहिले.

जाल व आज्ञेची भाषा :

१९७९ मध्ये मोडिकॉनने कंट्रोलरांमधील संवादासाठी ‘मॉडबस’ ही संकेतपद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात एका बिटच्या निर्गतास ‘कॉइल’ व सोळा बिटांच्या साठ्यास ‘रजिस्टर’ म्हटले आहे. अशा रीतीने रिलेचे वेटोळे जालाच्या भाषेतही पोहोचले. तिच्या मूळ रचनेत एकच मास्टर प्रश्न विचारतो व १ ते २४७ क्रमांकांचे स्लेव्ह केवळ विचारल्यावर उत्तर देतात. त्यांना आपापसांत बोलता येत नाही.

‘मास्टर-स्लेव्ह’ ही जोडी मॉडबसपूर्वीची आहे. १९०४ मध्ये केप टाउनच्या वेधशाळेतील घड्याळांचे वर्णन करताना डेव्हिड गिल या खगोलशास्त्रज्ञाने ती वापरल्याचे आढळते. ज्या वसाहतीत गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपुष्टात आली होती, तेथेच हे रूपक यंत्रांना लावले गेले. जुलै २०२० मध्ये मॉडबस ऑर्गनायझेशनने या शब्दांऐवजी ‘क्लायंट-सर्व्हर’ स्वीकारल्याचे जाहीर केले. हा बदल योग्यच होय. मात्र येथे मास्टरचा ‘क्लायंट’ व स्लेव्हचा ‘सर्व्हर’ झाला. सर्व्हर म्हणजे मोठे, केंद्रवर्ती यंत्र असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला, कोपऱ्यातील साधे तापमापक उपकरण सर्व्हर कसे, हे उमगत नाही. शिवाय जुन्या शब्दातून उघड दिसणारा आज्ञेचा संबंध नव्या शब्दाआड झाकला जातो, प्रत्यक्षात नाहीसा होत नाही. मूळ मॉडबसमध्ये प्रश्न विचारणाऱ्याची ओळख तपासण्याची सोय नाही, ही त्याच संबंधाची परिणती म्हणता येईल. मास्टर एकच व तोही आपल्याच कारखान्यातील, हे तेव्हा गृहीत होते. हे जाल बाहेरच्या जगाशी जोडले गेल्यावर तेच गृहीत सुरक्षेचा प्रश्न बनले.

‘मानक’ या शब्दाचेही तसेच आहे. यंत्रांलगतच्या उपकरणांना जोडणाऱ्या ‘फील्डबस’साठी एकच आंतरराष्ट्रीय मानक असावे म्हणून दीर्घकाळ प्रयत्न झाले. कंपन्या व राष्ट्रे यांच्या हितसंबंधांमुळे अखेर आयईसी ६११५८ या एकाच मानकात प्रोफिबस, कंट्रोलनेट, वर्ल्डफिप, इंटरबस इत्यादी आठ परस्परभिन्न प्रकार समाविष्ट झाले. येथे ‘मानक’ हा एकमताचा नव्हे, तर तहाचा शब्द आहे.

निष्कर्ष :

१. कंट्रोलरची मूलभूत परिभाषा इलेक्ट्रिशियनचे ज्ञान व त्याचे काम टिकवून नव्या तंत्राचा स्वीकार घडविण्याच्या हेतूशी निगडित होती.

२. जालाच्या परिभाषेत सत्ता व स्पर्धा यांचे संबंध नोंदले गेले. शब्द बदलल्याने ते संबंध आपोआप बदलत नाहीत.

३. महाराष्ट्रातील कारखान्यांत व वर्गांत रिले, कॉइल, पॅनेल हे शब्द आहेत तसेच रुळले आहेत. त्यांना मराठी पर्याय शोधावेत की नाही, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु व्याख्येबरोबर शब्दाची उत्पत्तीही शिकविली गेली, तर पाठांतराची जागा आकलन घेईल आणि समोरचे यंत्र कोणासाठी घडविले गेले, हा प्रश्न तंत्रशिक्षणाच्या वर्गातही विचारला जाईल.