बिदरचा मदरसा आणि एक कोरा कागद

(१) उदगीरच्या पुढे, महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, जांभ्या दगडाच्या लाल पठारावर बिदर वसले आहे. पंधराव्या शतकात ही बहमनी सुलतानांची राजधानी होती. तिथे एक भव्य वास्तू आज अर्धी उरली आहे : महमूद गवानचा मदरसा. शिवपूर्व महाराष्ट्राचा राजकीय नकाशा कसा घडला, हे समजून घेण्यासाठी या वास्तूपासून आरंभ करावा.

(२) गवान मूळचा इराणच्या गिलान प्रांतातला. १४५३ च्या सुमारास तो व्यापारी म्हणून दख्खनेत आला आणि पुढे सुलतानाचा वजीर झाला. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, संगमेश्वर आणि गोवा ही ठाणी त्याच्याच मोहिमेत बहमनींच्या हाती आली. गोवा पडला त्याच वर्षी, १४७२ मध्ये, हा तीन मजली मदरसा पूर्ण झाला.

(३) दर्शनी भिंतीवरचे निळे-हिरवे चकाकते कौलकाम पाहावे. एकच मनोरा शिल्लक आहे. या रचनेत दख्खनी शैलीचा मागमूस नाही. जणू इराणातली वास्तू उचलून इथे आणली आहे. दरबारातली दरीही नेमकी हीच होती : एकीकडे इथलेच झालेले ‘दख्खनी’, दुसरीकडे इराण-तुराणातून आलेले ‘आफाकी’.

(४) गवान स्वतः आफाकी. तरी त्याने दोन्ही गटांत पदे वाटून तोल राखण्याचा प्रयत्न केला. मात्र त्याने चार मोठ्या प्रांतांचे आठ केले आणि प्रत्येक सुभेदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला. सरदारांची सत्ता आटली आणि वैर वाढले.

(५) फेरिश्ताच्या वृत्तांतानुसार, गवानचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला मद्य पाजून एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेण्यात आला. त्यावर ओडिशाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारा मजकूर लिहिला गेला. सुलतान तिसऱ्या मुहम्मदाने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. पुढच्याच वर्षी सुलतानही मरण पावला.

(६) त्यानंतर राज्य फुटले. कटातील प्रमुख दख्खनी सरदार निजाम-उल-मुल्क बहरी याच्या पुत्राने अहमदनगरची निजामशाही स्थापिली. गवानच्या आश्रयाने वाढलेल्या युसुफ आदिलखानाने विजापूरची आदिलशाही. मालोजी आणि शहाजी भोसले यांच्या पिढ्यांनी ज्या दोन दरबारांत तलवार गाजवली, त्यांची मुळे अशी बिदरच्या दुफळीत आहेत.

(७) मदरशाची पडझड मात्र नंतरची. औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा साठवला जात असे. १६९६ च्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला.

(८) मदरसा पाहून किल्ल्यातल्या रंगीन महालात जावे. तिथे कोरीव लाकडी खांब दख्खनी, कौलकाम इराणी आणि काळ्या दगडात जडवलेला शिंपला दोहोंना सांधणारा. पुढे कारागिरांच्या गल्लीत बिदरी काम पाहावे : जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवतात, नवसागर आणि किल्ल्यातल्या मातीच्या लेपाने धातू काळा पडतो, चांदी मात्र उजळच राहते.

(९) दरबाराला जे दोन प्रवाह एकत्र नांदवता आले नाहीत, ते बिदरच्या कारागिरांनी एका खांबात, एका सुरईत एकत्र आणले. दरबार लयाला गेला. कारागिरांची हातोडी अजून वाजते आहे.